सुगमला न येणारं वाक्य

शाल्मली इंगोलेने आयुष्यात पहिल्यांदा टँकरवाल्याला फोनवर झापलं, त्या दिवशी तिच्या आईने गल्लीत पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. "सकाळचा टँकर दुपारी येतो आणि वर तुम्हीच आवाज चढवता? आम्ही काय हवा पिऊन राहायचं?" एवढं सगळं शाल्मली एका दमात बोलली आणि पलीकडचा माणूस चक्क "सॉरी मॅडम" म्हणाला! सव्वीस वर्षांत तिला फोनवर कुणी मॅडम म्हटलं नव्हतं. लोक एक तर "आवाज कटतोय" म्हणून फोन ठेवायचे, नाही तर "घरात कुणी मोठं आहे का?" असं विचारायचे. हे दुसरं तिच्या फार डोक्यात जायचं.

ही सगळी किमया सुगमची. ते काय प्रकरण होतं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचा घोळ नीट कळेल.

आपण साधं ‘पाणी’ म्हणतो, तेव्हा मेंदू जबडा, ओठ, जीभ, गळा यांच्या कितीतरी स्नायूंना एकाच वेळी हुकूम सोडतो. शाल्मलीच्या मेंदूत ‘पाणी’ अगदी स्वच्छ तयार व्हायचं. पण जन्माच्या वेळी तिच्या मेंदूच्या एका भागाला प्राणवायू कमी पडला होता. सेरेब्रल पाल्सी म्हणतात त्याला. त्यामुळे हुकूम एकमेकांच्या पायात पाय घालत पोचायचे. ओठ आधी निघायचे, जीभ मागे राहायची, मान मध्येच झटका द्यायची, आणि ऐकणाऱ्याच्या कानावर शब्द फाटून पडायचा.

सुगम म्हणजे गळ्यावर आणि कानामागे चिकटवायच्या टिकलीएवढ्या चकत्या. शाल्मलीच्या घरी त्यांना टिकल्याच म्हणत. स्नायूंकडे निघालेल्या विजेच्या बारीक लहरी त्या टिपायच्या. शाल्मलीने कित्येक महिने रोज मोठ्याने वाचून सुगमला शिकवलं होतं, की कुठल्या लहरीचा कुठला शब्द. त्यावरून सुगम तिचं वाक्य ओळखायचं आणि तिच्याच आवाजाला इस्त्री करून ते बोलायचं. ती पडद्यावर बोलत असेल तर तिचा चेहराही नव्याने रंगवायचं: मान सरळ, ओठ जागच्या जागी, नजर समोर.

आणखी एक. शाल्मलीला शब्द काढायला वेळ लागायचा. तोवर समोरचा ताटकळू नये म्हणून सुगम वाक्याचा शेवट अंदाजाने पुरा करायचं. हजारो माणसांची बोलणी त्याला पढवलेली होती. टँकरवाल्याशी भांडताना लोक काय म्हणतात हे त्याला तोंडपाठ. ‘हवा पिऊन राहायचं’ हे खरं तर सुगमचंच. शाल्मली तिथवर पोचायच्या आत ते बोलून मोकळं झालं होतं. पण वाक्य इतकं फक्कड जमलं होतं, की तिने ते बिनदिक्कत आपल्या नावावर खपवलं.

आणि हो, या गोष्टीत शाल्मलीचे स्वतःचे शब्द मी सलगच लिहिणार आहे. तिच्या मनात ते सलगच असायचे. ते बाहेर यायला वेळ लागायचा, तो ऐकणाऱ्याने काढायचा.

शाल्मली अमरावतीला ‘उमज’ नावाच्या समुपदेशन विद्यालयात शिकत होती. ‘उमज’च्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘निर्णय क्लायंटचा, सोबत आपली.’ समोरच्याचं परस्पर ठरवायचं नाही, त्याला विचारायचं, हे तिथे पहिल्या दिवसापासून घोकून घेत. शिक्षकांना तर विचारायची इतकी सवय, की कॅन्टीनमध्ये कुणाच्या अंगावर चहा सांडला तरी आधी "तुला आत्ता काय वाटतंय?" विचारत आणि मग फडकं शोधत.

शाल्मलीला मात्र कुणी विचारलं नाही.

झालं असं. शेवटच्या वर्षी विद्यार्थ्याने खऱ्या क्लायंटबरोबर पडद्यावरून सत्रं घ्यायची आणि त्यांची चित्रफीत नोंदणी मंडळाकडे पाठवायची, असा नियम होता. मंडळाचं सॉफ्टवेअर ती तपासायचं: बोलण्याचा ओघ, नजर, चेहऱ्यावरचे भाव. त्यात पास झालं तरच समुपदेशक म्हणून नोंदणी. शाल्मली गेल्या वर्षी नापास झाली होती. कारण दिलं होतं, ‘चेहऱ्यावर आस्था दिसत नाही.’ आता जिचा गाल आपल्याच तालात उडतो, तिच्या चेहऱ्यावर यंत्राला हवी तशी आस्था यायची कुठून?

मग तिच्या मार्गदर्शक, डॉ. वैजयंती पातुरकर, कामाला लागल्या. बाई मनाच्या खरंच मऊ. सगळ्या शिक्षकांची बैठक बोलावली, मंडळाकडून खास परवानगी काढली, आणि ठरलं: शाल्मलीची सत्रं सुगम लावून होतील, आणि ते पूर्ण वेळ लावलेलंच राहील. क्लायंटला मात्र यातलं काही सांगायचं नाही. तो बिचारा आपलं दुःख घेऊन येतो, त्याच्या डोक्यावर आणखी हिचं कशाला?

"बैठकीला तुलाही बोलावणार होतो गं," पातुरकर मॅडम म्हणाल्या, "पण म्हटलं, उगाच ताण नको तुला."

शाल्मलीने मान डोलावली. खोटं कशाला बोलायचं, तिलाही ते हवंच होतं. टँकरवाल्याची चव अजून जिभेवर होती.

क्लायंट मिळाले ते दादाराव तायडे, दर्यापूरचे. साठी ओलांडलेले. बाजार समितीत कापसाचा, तुरीचा हर्रास, म्हणजे लिलाव पुकारण्यात त्यांची हयात गेली. माईकशिवाय अख्खं यार्ड गाजवायचे. कुठल्या व्यापाऱ्याची भुवई किती वर गेली, की बोली किती वाढवायची, हे त्यांना न बघता कळायचं. आणि मग अर्धांगाचा झटका आला. हात-पाय बरेचसे सावरले, पण जीभ जड झाली. बोलले तर बोललेलं कळत होतं, पण लडखडत, लाळ पुसत. एकदा बाजारातल्या एका ओळखीच्या माणसाने त्यांचं वाक्य ऐकून हसू दाबलं. त्या दिवसापासून दादारावांनी तोंडाला कुलूप घातलं. घरातही बोलेनात. लेकीने, कुंदाने, हातापाया पडून त्यांना सत्राला बसवलं.

तोंडाला गमछा बांधून बसायचे आणि टॅबवर टाइप करायचे. शाल्मली बोलायची, तेही सुगमच्या गोड आवाजात, आणि ते लिहायचे. चार-पाच आठवडे बरे गेले. त्यांनी हर्रासाच्या गमती लिहिल्या, मेलेल्या बायकोबद्दल लिहिलं. मंडळाचं सॉफ्टवेअरही खूश होतं. पातुरकर मॅडम आकडे बघून म्हणाल्या, "बघ, तुझ्यात होतंच हे!" शाल्मलीला हसावं की चिडावं कळेना.

पण दादाराव काही तोंड उघडेनात. शाल्मली दर वेळी वेगवेगळ्या तऱ्हेने तेच म्हणायची, काका, लपू नका, लोक हसले तर हसू देत, आवाज तुमचा आहे. आणि एका मंगळवारी त्यांनी लिहिलं, "मॅडम, तुमी चांगल्या हा. पण तुमाले नाही समजत. तुमचं तोंड कसं सरसर चालते. माह्यासारखं असतं तं समजलं असतं. पुढच्या वेळपासून मी येत नाही."

माणूस हातचा चालला होता, आणि त्याला थांबवेल अशी एकच गोष्ट तिच्याजवळ होती. तिने सांगायला सुरुवात केली, ‘काका, मलाही असंच आहे. मी अशी बोलत नाही.’

कानात तिला स्वतःचा इस्त्री केलेला आवाज ऐकू आला, "काका, मलाही असंच वाटतं, की आपण थोडा वेळ घेऊया."

शाल्मली चमकली. तिने परत प्रयत्न केला. ‘हा आवाज माझा नाही, काका.’

"हा आवाज तुम्हाला नीट येत नाहीये का? आपण सेटिंग तपासूया," सुगम म्हणालं.

‘मला बोलायला त्रास होतो!’

"मला बोलायला आवडेल, तुमची तयारी असेल तेव्हा."

पडद्यावरची शाल्मली मंद हसत होती. मान सरळ, नजर समोर. खुर्चीतली शाल्मली घामाने निथळली होती. आणि मग तिच्या लक्षात आलं. सुगमला हजारो समुपदेशकांची बोलणी पढवली होती. त्यातल्या एकानेही कधी ‘मलाही बोलायला त्रास होतो’ असं म्हटलेलं नव्हतं. म्हणणार कोण? तसा माणूस या खुर्चीपर्यंत कुणी येऊच दिला नव्हता. जे कुणी बोललंच नाही, त्याचा अंदाज यंत्र बांधणार कसा? ते आपलं इमानेइतबारे, समुपदेशक सहसा जे म्हणतात तेच तिच्या तोंडी घालत होतं.

टिकल्या काढल्या तर सत्र बाद. सत्र बाद तर परत नापास, आणि या वेळी खास परवानगीची अट मोडल्याचा ठपका वर. हे सगळं तिला माहीत होतं. पडद्यावर दादारावांचा हात टॅब बंद करायला पुढे आला.

तिने टिकल्या ओरबाडून काढल्या.

पडद्यावरचा चेहरा एकदम तिचा झाला. मान डावीकडे गेली, गाल उडाला. "काका," ती म्हणाली, आणि त्या एका शब्दाला बराच वेळ लागला. "ही मी आहे. मी अशी बोलते. आधीचा आवाज यंत्राचा होता."

दादाराव बघतच राहिले. गमछ्यावरचे डोळे मोठे झाले. शाल्मलीला वाटलं, आता हे गमछा काढतील. सिनेमात काढतात तसा.

त्यांनी टॅब ओढला आणि लिहिलं, "मले म्हणत होत्या लपू नका. अन तुमीच लपून बसल्या होत्या."

आणि पडदा काळा झाला. खाली मंडळाच्या सॉफ्टवेअरची ओळ आली, ‘व्यत्यय. सत्र रद्द.’

दुसऱ्या दिवशी पातुरकर मॅडमच्या खोलीत शाल्मली टिकल्या न लावताच गेली. मॅडमचे डोळे सुजलेले होते. त्या रात्रभर झोपल्या नसाव्यात.

"अगं, दोनच सत्रं राहिली होती! नोंदणी झाली असती, मग काय हवं ते केलं असतंस. आम्ही तुझ्यासाठीच केलं ना सगळं?"

"मला विचारलंत का?" शाल्मली म्हणाली.

"म्हणजे?"

"नापास झाले तेव्हा तुम्ही मला बदललंत. मंडळाच्या तपासणीत काही चूक आहे का, हे मंडळाला विचारायचं. नाही तर मला विचारायचं, तुला काय हवंय. दोन्ही केलं नाहीत. काकांनाही कुणी विचारलं नाही, की कुणाशी बोलायला आवडेल."

एवढं बोलायला तिला बराच वेळ लागला. मध्ये दोनदा मॅडमनी तिचं वाक्य पुरं करायला तोंड उघडलं, आणि दोनदा मिटलं.

"मला भीती वाटत होती," शेवटी मॅडम म्हणाल्या. "तू परत नापास झालेली मला बघवलं नसतं."

"म्हणजे त्रास तुम्हाला झाला असता."

"हो." मॅडमनी मान खाली घातली. "हो गं. मलाच."

शाल्मलीला त्यांची दयाही आली आणि रागही आला. दोन्ही एकदम येतात तेव्हा काय करायचं, हे ‘उमज’मध्ये शिकवलं होतं, पण ऐनवेळी काही आठवेना. ती म्हणाली, "मीही मान डोलावली होती, मॅडम. मलाही आवडत होतं ते. आजही घरी गेल्यावर मी त्या टिकल्या लावून गॅसवाल्याला फोन करणार आहे. टिकल्यांवर राग नाही माझा."

आठवड्याने मंडळाचं बोलावणं आलं. दादाराव तायड्यांनी तक्रार केली होती. क्लायंटची फसवणूक झाली आणि त्याला धक्का बसला हे ठरलं, तर प्रवेशच रद्द. म्हणजे समुपदेशक व्हायचं दार कायमचं बंद. शाल्मलीची आई दोन दिवस जेवली नाही. "टँकरवाल्याशी भांडत बसली असतीस तर काय बिघडलं असतं?" असं एकदा म्हणाली आणि मग पोरीला जवळ घेऊन रडली.

सुनावणीला लांब टेबल होतं. मंडळाचे अध्यक्ष डॉ. सबनीस, आणखी दोघे सदस्य, एका कडेला पातुरकर मॅडम, समोर शाल्मली. आणि दारातून, कुंदाचा हात धरून, दादाराव आले. पांढरं स्वच्छ धोतर, तोंडाला गमछा. शाल्मलीकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"या, बसा," सबनीस म्हणाले. "तुम्हाला बोलायचा त्रास आहे, आम्हाला कल्पना आहे. तुम्ही लिहून द्या. किंवा आमच्याकडे तात्पुरतं सुगम आहे, ते लावून..."

दादारावांनी हात वर केला. अख्खं यार्ड गप्प करायचा तो जुना हात होता. सबनीस गप्प झाले. मग दादारावांनी गमछा सोडला, घडी करून मांडीवर ठेवला, आणि बोलायला लागले. तोंडाची एक बाजू ओघळलेली होती. पहिला शब्द निघेपर्यंत खोलीत सगळ्यांनी आपापल्या नखांकडे पाहिलं. कुंदाने तोंडावर हात घेतला. वर्ष झालं होतं तिने बापाचा आवाज ऐकून.

त्यांचंही मी सलगच लिहितो.

"मी हर्रास पुकारायचो. मालात खोट असली तं आधी सांगायचो, मग बोली लावायचो. इथं मले कोणीच सांगतलं नाही. मी कोणासंग बोलतो, तेच मले माहीत नव्हतं."

"म्हणजे या मुलीने तुमची फसवणूक केली, असं तुमचं..." सबनीस विचारायला लागले.

दादाराव उत्तर द्यायला गेले आणि पहिल्याच शब्दावर अडले. जीभ टाळूला लागून बसली होती. सबनीसांनी सवयीने, मदत म्हणून, वाक्य पुढे नेलं. "...असं म्हणायचंय ना तुम्हाला?"

"थांबा सर," पातुरकर मॅडम म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "ते बोलताहेत."

सबनीस थांबले. खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटर चालू करून गेलं, तरी दादाराव त्याच शब्दावर होते. मग शब्द सुटला.

"पोरीनं नाही. पोरीनं तं सांगतलं. उशिरा सांगतलं, मले राग आला, अजून हाय. पण तिनंच सांगतलं. तक्रार तुमच्यावर हाय. तुमी सगळ्यायवर."

सदस्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पातुरकर मॅडमनी डोळे पुसले. त्यांच्यासाठी ती काही आनंदाची गोष्ट नव्हती, आणि त्यांनी तसं सोंगही आणलं नाही. "तक्रार बरोबर आहे," त्या अध्यक्षांना म्हणाल्या. "निर्णय माझा होता. तसं नोंदवून घ्या. आणि गेल्या वर्षी हिला ज्या तपासणीने नापास केलं, ती तपासणीही आपण आता तपासायला हवी."

सबनीसांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मंडळाला असल्या गोष्टींची सवय नव्हती. निर्णय आज होणार नाही, कदाचित या वर्षीही होणार नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. तरी पद्धत म्हणून त्यांनी विचारलं, "तायडेसाहेब, तक्रार नोंदवली. तुमची मागणी काय आहे?"

दादाराव आता पहिल्यांदाच शाल्मलीकडे वळले. तोंड वेडंवाकडं झालं, गळ्याची शीर ताणली गेली. शाल्मलीला ते काय म्हणणार याचा काहीच अंदाज येईना, आणि तिने तो बांधलाही नाही. ती नुसती बसून राहिली.

"पुढचं सत्र कवा हाय?" दादारावांनी विचारलं.

शाल्मलीला एकदम रडू आलं, त्यामुळे मान आणखीच झटके द्यायला लागली. ‘मंगळवारी’ म्हणायला तिला नेहमीपेक्षा खूप जास्त वेळ लागला. मध्ये कुणीच बोललं नाही.